लग्नानंतरचं नाव कोण ठरवतं?

(घाटकोपर येथील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



व्याख्यानमाला म्हटलं की न्यायमूर्ती रानड्यांचं स्मरण होतंच. त्यांनी सुरू केलेली पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ सालची. त्याआधी दोन वर्षं, १८७३ मध्ये, कुर्लेकरांची यमुना लग्न होऊन रानड्यांच्या घरी आली आणि रमाबाई झाली. कल्याणची दुसरी एक यमुना गोपाळराव जोश्यांची पत्नी झाली. तिचं माहेरचं आडनावही जोशीच, म्हणजे आडनाव बदलण्याचा प्रश्नच नव्हता. तरी यमुनेची आनंदी झाली, आणि १८८६ साली पेनसिल्व्हेनियातून डॉक्टर होऊन बाहेर पडली ती आनंदीबाई जोशी म्हणूनच. गोखल्यांच्या मनूची लक्ष्मीबाई टिळक झाली. आपल्याला अभिमान वाटावा अशा या स्त्रिया आपण सासरी मिळालेल्या नावांनीच ओळखतो.

आपल्याकडे नाव तीन पदरी असतं: स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव. नवऱ्याचं नाव मधे आलं आणि आडनावही त्याचं लागलं की तीनातले दोन पदर बदलतात. घाटकोपर-मुलुंडच्या आपल्या गुजराती शेजाऱ्यांकडेही हीच रीत आहे. काही मराठी घरांत तिसरा पदरही बदलतो. लग्नातल्या लक्ष्मीपूजनाला ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीने त्यात नाव लिहितो, सगळे वाकून वाचतात, पेढे वाटले जातात. कित्येकदा ते नाव नवरीने आधी सुचवलेलं असतं, तिला मनापासून आवडलेलं असतं. अशा आनंदाला माझा मुळीच विरोध नाही. माझा प्रश्न एवढाच आहे, की ते नाव लिहिलं जाण्याआधी तिला कोणी विचारलं का?

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू, कारण इथे सुशिक्षित घरांतही मोठा गैरसमज आहे. १९५५चा हिंदू विवाह कायदा किंवा १९५४चा विशेष विवाह कायदा, दोन्हींत बायकोने नवऱ्याचं आडनाव लावावं असं एकही कलम नाही. लग्नाने नाव आपोआप बदलत नाही. महाराष्ट्रात १९९८च्या कायद्यानुसार लग्नाची नोंदणी होते. मुंबईत अंधेरीचे लोक महापालिकेच्या के विभाग कार्यालयांत जातात, बोरिवलीचे आर मध्यला, घाटकोपरचे एनला, मुलुंडचे टीला. तीन साक्षीदार सह्या करतात आणि दाखला मिळतो. तो दाखला लग्न झाल्याचा पुरावा आहे, नाव बदलल्याचा नव्हे. तो जोडून पुढे आधार, पॅन, बँक, पासपोर्ट, मतदारयादी असा एकेक अर्ज तुम्ही केलात तरच नाव बदलतं. पहिलं नावच बदलायचं असेल, तर साधारणपणे राज्य शासनाच्या राजपत्रात जाहिरात द्यावी लागते.

म्हणजे कायद्याच्या लेखी, मुलगी काहीच बोलली नाही तर जुनं नाव चालू राहतं. समाजात नेमकं उलट आहे. ती काही बोलली नाही तर नवं नाव लागतं. सोसायटीच्या पाटीवर, आहेराच्या पाकिटावर, मुलाच्या शाळेच्या अर्जावर कोणी न विचारताच ते लिहिलं जातं. आणि समाजाने धरलेलं हे गृहीत हळूहळू कार्यालयाच्या खिडकीपर्यंत पोहोचतं. ‘लग्न झालंय ना? मग नाव बदलून आणा,’ असं तिथे सांगितलं जातं. सांगणाऱ्याकडे कोणताही नियम नसतो, नुसती सवय असते.

शासनाला आणि न्यायालयांना हे कळलेलं नाही असं नाही. २०१२च्या सुमारास मुंबई उच्च न्यायालयाने कौटुंबिक न्यायालयांच्या नियमांत दुरुस्ती केली. विवाहित स्त्री लग्नाआधीच्या नावाने अर्ज दाखल करू शकते, हे त्यामुळे स्पष्ट झालं. एप्रिल २०१७ मध्ये मुंबईच्या इंडियन मर्चंट्स चेंबरच्या महिला शाखेपुढे बोलताना पंतप्रधानांनी सांगितलं, की पासपोर्टसाठी स्त्रियांना लग्नानंतर नाव बदलण्याची गरज नाही. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव बंधनकारक केलं. त्याच निर्णयात विवाहितेला मालमत्तेच्या दस्तऐवजात लग्नाआधीचं नाव नोंदवण्याची मुभाही दिली. पण शासकीय कागदांत तिच्या नावापुढे पतीचं नाव आणि आडनाव लिहिण्याची चालत आलेली पद्धत मात्र कायम ठेवली. दार उघडलं, पण अर्धंच.

आता या अर्धवटपणाची किंमत कोण मोजतं ते पाहा. समजा, मुलुंडची एक मुलगी लग्न होऊन बोरिवलीला आली. लग्नाच्या गडबडीत आधारवर नवं आडनाव लागलं, पॅनवर जुनंच राहिलं. पदवी जुन्या नावाची, पगाराचं खातं जुन्या नावाचं, नवऱ्याबरोबर घेतलेल्या घराचा करार नव्या नावाचा. भविष्यनिर्वाह निधी काढायला गेली की नावं जुळत नाहीत. मग ‘या दोन्ही नावांची व्यक्ती मीच’ असं प्रतिज्ञापत्र करा, नोटरीकडे जा, रजा टाका. तिच्या नवऱ्याला आयुष्यात असा एकही कागद करावा लागत नाही.

परतीची वाट आणखी अवघड. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. लग्नात एक संधी गेली, घटस्फोटानंतर दुसरी. केंद्राच्या राजपत्रात माहेरचं आडनाव परत लावायचं, तर घटस्फोटाचे कागद किंवा नवऱ्याचं ना-हरकत पत्र मागितलं जाई. त्याविरुद्ध २०२४ मध्ये एका स्त्रीने दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली. जन्मापासून जे नाव आपलं होतं, ते परत घ्यायला दुसऱ्याची हरकत नसल्याचं पत्र कशाला हवं, याचं उत्तर मला तरी सापडत नाही.

जगात काही ठिकाणी कायदाच सक्ती करतो. कॅनडाच्या क्वेबेकमध्ये १९८१पासून आणि ग्रीसमध्ये १९८३च्या कायद्याने स्त्रीचं जन्मनावच कायम राहतं. जपानमध्ये नवरा-बायकोचं आडनाव एक असणं सक्तीचं आहे. ते कोणाचंही चालतं, तरी दहातल्या नऊंहून जास्त जोडपी नवऱ्याचंच घेतात. नुसता कागदावर समान असलेला कायदा सवयीपुढे कसा हरतो, ते यातून दिसतं. आपला कायदा दोन्ही बाजूंनी मोकळा आहे. ती मोकळीक आपण वापरत नाही, एवढंच.

ज्यांनी वापरली त्यांची नावं आपण मैफलीच्या फलकांवर वाचतो: अश्विनी भिडे-देशपांडे, आरती अंकलीकर-टिकेकर. रियाजाने कमावलेलं नाव मांडवात सोडून द्यायचं नाही, आणि नव्या घराचंही नाव आपलं म्हणायचं, ही त्यातली समज मला मोठी वाटते. कोणी जुनं ठेवील, कोणी जोडील, कोणी आनंदाने बदलील. तिन्ही निर्णय सारखेच मानाचे.

म्हणून माझं मागणं अगदी साधं आहे. ज्यांच्या घरात यंदा कार्य आहे त्यांनी पत्रिका छापायच्या आधी मुलीला विचारा. तिला विचारताना ‘कोणतं नाव ठेवू?’ असं नको. ‘नाव बदलायचं आहे का?’ असं विचारा. मुलींनो, जो निर्णय घ्याल तो लग्नाआधी घ्या, आणि मग आधार, पॅन, बँक सगळीकडे एकच ठेवा. बदलायचं नसेल तर काहीही करू नका, कायदा तुमच्या बाजूने आहे. आणि कार्यालयांच्या खिडक्यांमागे बसणाऱ्या माझ्या बंधुभगिनींनो, तुमच्यापुढे आलेली स्त्री स्वतःचं जे नाव सांगेल, कागद जे दाखवील, तेच लिहा. तिचं लग्न झालंय की नाही, यावरून तिचं नाव ठरवायचा अधिकार कोणत्याच कायद्याने तुम्हाला दिलेला नाही, आणि आपल्यालाही नाही.