सह्याद्री ओलांडताना : बेंगळुरू ते बेंगळुरू, सात दिवसांची वाट
(हीरकमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



पाऊस ओसरला आणि दसरा-दिवाळीचे दिवस जवळ आले की बेंगळुरूच्या पश्चिमेकडील रस्त्यांवर एक नेहमीचे दृश्य दिसू लागते. पहाटेच्या अंधारात मोटारसायकलींच्या लहान-लहान तुकड्या तुमकूरच्या दिशेने निघालेल्या असतात. मागे घट्ट बांधलेल्या पिशव्या, अंगात जाड जाकिटे, डोक्यावर हेल्मेट आणि पुढे सह्याद्री व समुद्र. या तुकड्यांत मराठी घरांतील मुलेमुलीही असतात. घरी आई-वडिलांचा डोळा लागलेला नसतो. ‘बसने गेलास तर काय बिघडेल?’ हा प्रश्न आदल्या रात्री प्रत्येक घरात विचारला जातो आणि त्याचे समाधानकारक उत्तर कोणत्याच घरात मिळत नाही.

आजच्या व्याख्यानाचा विषय त्या उत्तराचा शोध हाच आहे. त्यासाठी बेंगळुरूहून निघून घाट उतरणारी, किनाऱ्याने उत्तरेकडे जाणारी आणि पुन्हा घाट चढून परत येणारी सुमारे तेराशे ते चौदाशे किलोमीटरांची एक वाट समोर ठेवू. ती सात दिवसांत होते. पाच दिवसांतही करता येते. परंतु पाच दिवसांत करणाऱ्याला केवळ रस्ता दिसतो, मुलूख दिसत नाही.

पहिला दिवस तुमकूर, तिपटूर, अरसीकेरे, कडूर, भद्रावती असा शिमोग्याकडे जातो. नारळाच्या बागा, मग सुपारीच्या बागा आणि भद्रेचे कालवे असा हा प्रदेश आहे. बहुतेक स्वार थेट शिमोग्याला मुक्काम करतात. परंतु मराठी प्रवाशाने थोडी वाट वाकडी करून चन्नगिरी तालुक्यातील होदिगेरे या खेड्यात जावे. तेथे शहाजीराजे भोसले यांची समाधी आहे. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने केंपेगौडांकडून बेंगळुरू घेतले आणि पुढे ते शहाजीराजांकडे जहागिरीत आले. त्यानंतर जवळजवळ अर्धशतक हे शहर भोसले घराण्याशी निगडित राहिले. जानेवारी १६६४ मध्ये होदिगेरेच्या रानात शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून शहाजीराजांचा अंत झाला. समाधी अगदी साधी आहे. भरधाव जाणाऱ्या वाहनावरील माणसाने तेथे दोन क्षण थांबावे, याला आणखीही एक कारण आहे. आयुष्यभर घोड्याच्या पाठीवर राहिलेल्या, दख्खन पालथे घातलेल्या या कसलेल्या स्वारालाही एक पडणे पुरले. वाहनावरील हुकमत कितीही असो, सावधपणाला सुट्टी नसते.

दुसऱ्या दिवशी शिमोग्याहून तुंगेच्या काठाने तीर्थहळ्ळी आणि पुढे आगुंबे. तीर्थहळ्ळीजवळील कुप्पळी हे कन्नड महाकवी कुवेंपू यांचे गाव. आगुंब्याला वर्षाला सरासरी सात हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. हे गाव जलविभाजकावर वसलेले आहे, आणि ही गोष्ट नकाशापेक्षा दुचाकीवरून अधिक चांगली समजते. येथून एका अंगाला उतरणारे पाणी मालती नदीने तुंगेला मिळते, तुंगभद्रेतून कृष्णेत जाते आणि शेकडो मैलांचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला पोहोचते. दुसऱ्या अंगाचे पाणी सीता नदीने अवघ्या काही कोसांवरील अरबी समुद्रात जाते. एकाच ढगाच्या दोन थेंबांची ताटातूट येथे होते.

आगुंब्याच्या घाटात चौदा अतितीव्र वळणे आहेत. अवजड वाहनांना तेथे बंदी आहे. या घाटाने स्वाराला एक साधा नियम शिकवावा: ज्या गिअरमध्ये घाट चढावा लागला असता, त्याच गिअरमध्ये तो उतरावा. इंजिनाने गाडी आवरायची आणि ब्रेक केवळ मदतीला घ्यायचा. गाडी न्यूट्रलमध्ये सोडून पेट्रोल वाचवणारा अर्ध्या घाटात ब्रेक तापवून बसतो. वळणावर नजर समोरच्या दरीत नव्हे, तर वळण जेथे संपते तेथे ठेवावी, कारण नजर जाते तिकडे गाडी जाते. आणि ओल्या पानांवरून जाताना ब्रेकला हात लावू नये. हे सारे बोलायला सोपे आहे; पण उतरताना मागच्या गाडीचा भोंगा वाजू लागला की पाळणे कठीण जाते. मागच्याला वाट द्यावी, आपली गती सोडू नये.

याच आगुंब्यात शंकर नाग यांनी आर. के. नारायण यांच्या कथांवरील ‘मालगुडी डेज’ या दूरदर्शन मालिकेचे चित्रीकरण केले. बेंगळुरूच्या रिक्षांवर आजही ज्यांचे चित्र दिसते ते हे शंकर नाग. जन्म उत्तर कन्नड जिल्ह्यात होन्नावरजवळचा, घरची भाषा कोकणी, नाटकाचे धडे मुंबईच्या मराठी रंगभूमीवर, ‘२२ जून १८९७’ या मराठी चित्रपटाच्या लेखनात सहभाग आणि कीर्ती कन्नड चित्रपटसृष्टीत. हे नाव प्रवासाच्या शेवटी पुन्हा येणार आहे.

घाट उतरला की हवा बदलते. जाकिटाची चेन उघडावी लागते, घराचे कौल आणि माडाची रांग सुरू होते, तुळू आणि कुंदापुरी कन्नड कानावर पडते. कुंदापूरजवळ बसरूर हे आज शांत असलेले गाव आहे. सतराव्या शतकात ते केळदीच्या नायकांच्या मुलखातील संपन्न बंदर होते. होदिगेरेला पित्याचा मृत्यू झाला, त्यानंतर तेरा महिन्यांनी, फेब्रुवारी १६६५ मध्ये, शिवाजी महाराज मालवणहून पंच्याऐंशी गलबते आणि तीन मोठी जहाजे घेऊन या बंदरावर आले. बसरूरची लूट घेऊन परतताना त्यांनी गोकर्णाला तीर्थस्नान केले आणि पुढे अंकोला व कारवार गाठले. पुत्राची ही समुद्रवाट आणि पित्याची समाधी यांच्यामध्ये आगुंब्याचा डोंगर उभा आहे. काल घाटावर आणि आज किनाऱ्यावर असलेल्या स्वाराला हे अंतर अंगाने कळते.

परंतु ही कथा येथेच संपवली तर ती अर्धवट राहील. १६८९ मध्ये संभाजी महाराजांच्या वधानंतर छत्रपती राजाराम पन्हाळ्याहून निसटून जिंजीकडे निघाले, तेव्हा मोगलांची फौज मागावर होती. त्या वेळी त्यांना आपल्या राज्यातून सुखरूप वाट करून देणारी होती केळदीची राणी चेन्नम्मा. कालच्या वाटेच्या उत्तरेस राहिलेले नगर, म्हणजेच जुने बिदनूर, ही तिची राजधानी. चोवीस वर्षांपूर्वी ज्यांनी आपले बंदर लुटले होते, त्यांच्याच मुलाला या राणीने आसरा दिला आणि त्यापायी औरंगजेबाचा रोष ओढवून घेतला. पुढे राजाराम वेषांतर करून बेंगळुरूमार्गे गेले. संशय आल्यावर खंडो बल्लाळ यांनी मागे राहून छळ सोसला, असे बखरी सांगतात. कर्नाटकातील मराठी मुलाला इतिहासाच्या पुस्तकात बसरूर भेटते. चेन्नम्मा क्वचितच भेटते. या वाटेवर दोघांची भेट एकाच दिवसात घडते.

तिसऱ्या दिवशी कुंदापूरच्या पुढे मरवंते येथे महामार्गाच्या एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला सौपर्णिका नदी आहे. येथे वाऱ्याचा झोत आडवा येतो. दोन्ही हात हँडलवर हवेत आणि छायाचित्रासाठी गाडी रस्त्याच्या पूर्ण बाहेर उभी करावी. भटकळ, मुर्डेश्वर, होन्नावरचे शरावतीचे विस्तीर्ण मुख आणि कुमटा ही ठिकाणे मागे टाकत संध्याकाळी गोकर्ण येते.

चौथ्या दिवसाचे पहिले ठिकाण पाहण्यासाठी नव्हे, तर आठवण्यासाठी थांबावे असे आहे. गोकर्णहून अंकोल्याकडे जाताना गंगावळी नदीच्या काठी शिरूर लागते. १६ जुलै २०२४ रोजी मुसळधार पावसात येथे डोंगराचा कडा महामार्गावर कोसळला. रस्त्याकडेचे चहाचे दुकान आणि ते चालवणारे कुटुंब गेले, उभी वाहने नदीत लोटली गेली. वाहून गेलेली एक मालमोटार सापडण्यास दोन महिन्यांहून अधिक काळ लागला. चौपदरी रस्त्यासाठी डोंगराचा पायथा कापला गेला होता. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, ७ ऑगस्टच्या मध्यरात्री, कारवारजवळ काळी नदीवरील जुना पूल कोसळला. एक मालमोटार नदीत पडली आणि तिच्या चालकाला वाचवण्यात आले. वेग केवळ स्वाराचा नसतो, रस्ते बांधणाऱ्यांचाही असतो, आणि त्या वेगाची किंमत रस्त्याकडेला चहा विकणाऱ्याला मोजावी लागते. म्हणूनच पावसाळ्यात हा प्रवास करू नये, असे सांगणे हा पालकांचा भित्रेपणा नाही. डोंगर पाण्याने जड झालेला असताना त्याच्या पायथ्याने जाऊ नये, हे घाटाखालची माणसे पिढ्यान्‌पिढ्या जाणतात.

कारवारच्या किनाऱ्यावर १८८३ मध्ये तरुण रवींद्रनाथ ठाकूर आपले न्यायाधीश बंधू सत्येंद्रनाथ यांच्याकडे राहिले होते. ‘प्रकृतीर प्रतिशोध’ हे नाट्यकाव्य त्या मुक्कामाचे फळ. कारवारहून पोळेमार्गे गोवा आणि पणजीचा मुक्काम. पाचव्या दिवशी चोर्ला घाटाने पुन्हा सह्याद्री चढायचा. गोवा, कर्नाटक आणि महाराष्ट्र यांच्या सीमा येथे एकमेकींना भिडतात. सीमा माणसांनी आखल्या. जंगल मात्र अखंड आहे. संध्याकाळी बेळगाव. तेथील दुकानांच्या पाट्यांवर दोन लिप्या आणि बाजारात दोन भाषा आहेत. या शहरावरून दोन राज्यांत वाद आहे. तरीही बाजारातील माणूस गिऱ्हाईक पाहून भाषा बदलतो आणि त्यात त्याला काही विशेष वाटत नाही.

सहाव्या दिवशी धारवाड. साधनकेरीच्या तळ्याकाठी द. रा. बेंद्रे यांचे घर आहे. घरात मराठी बोलणारा हा माणूस कन्नडचा श्रेष्ठ कवी झाला. १९७३ चे ज्ञानपीठ त्यांना मिळाले आणि मराठीतही त्यांनी लेखन केले. याच परिसराने मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल आणि भीमसेन जोशी दिले. बेंद्रे यांना कोणी ‘तुम्ही इकडचे की तिकडचे?’ असे विचारले असते, तर तो प्रश्नच त्यांना अपुरा वाटला असता.

त्यानंतर चित्रदुर्गापर्यंत रुंद, सरळ, गुळगुळीत महामार्ग. घाटातील वळणे संपलेली असतात, मन घरी पोहोचलेले असते, आणि धोका येथेच सर्वांत मोठा असतो. दावणगेरेजवळ अनगोडू लागते. ३० सप्टेंबर १९९० रोजी चित्रीकरणासाठी जाताना शंकर नाग यांचा याच ठिकाणी मोटार अपघातात मृत्यू झाला. त्यांचे वय पस्तीस होते. ज्याने आगुंब्याचे वळण अन् वळण टिपले, तो सरळ रस्त्यावर गेला. म्हणून बेळगावहून एका दमात पाचशे किलोमीटर कापून रात्री घर गाठण्याचा हट्ट धरू नये. चित्रदुर्गाला मुक्काम करावा आणि सातव्या दिवशी ताज्या डोळ्यांनी बेंगळुरूत यावे.

मित्रहो, आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. बसने गेले तर काय बिघडते? बसने माणूस सुखरूप पोहोचतो. परंतु हवा कोठे बदलली, पाणी कोणत्या दिशेने वाहू लागले, भाषा कोणत्या गावी वळली, हे त्याला झोपेत कळत नाही. दुचाकीवरील माणूस प्रत्येक चढाला, प्रत्येक वाऱ्याला उघडा असतो. पंक्चर झाले की त्याला अनोळखी गावात मदत मागावी लागते, तीही त्या गावाच्या भाषेत. कोणी ‘ऊट आयता?’ असे विचारले तर तो प्रश्न ‘जेवलास का?’ इतकाच आपल्या घरचा आहे, हे त्याला तेव्हा कळते.

या शहरात मराठी शाळेत मूल घालणाऱ्या पालकाला गेली साठ वर्षे एक शंका विचारली जाते: कन्नड मुलखात या मराठीचा उपयोग काय? या शंकेला शहाजीराजांची समाधी, राणी चेन्नम्माचा आसरा, शंकर नाग यांची कला आणि बेंद्रे यांचे घर मिळून एकच उत्तर देतात. मराठी माणूस या मुलखात काल आलेला पाहुणा नाही. आणि तो येथे एकट्याच्या बळावर टिकलेलाही नाही. मराठीने त्याला आपली वाट ओळखता येते, कन्नडने त्या वाटेवर सोबत मिळते. दोन्ही भाषा बरोबर घेऊनच घराबाहेर पडावे.

म्हणून पालकांना विनंती एवढीच की मुलांना अडवू नये. चांगले हेल्मेट घेऊन द्यावे, मागे बसणाऱ्यासाठीही घ्यावे. कायदाही तेच सांगतो. दिवसाला अडीचशे-तीनशे किलोमीटरांपेक्षा अधिक नाही आणि अंधार पडल्यावर घाट नाही, एवढे वचन घ्यावे. आणि मुलांना विनंती ही की संध्याकाळी मुक्कामी पोहोचताच, छायाचित्र पाठवण्याच्या आधी, घरी एक दूरध्वनी करावा. ‘आई, पोहोचलो’ हे दोन शब्द कानी पडेपर्यंत त्या घरातील दिवस संपलेला नसतो.