बर्फाखालच्या उजेडाचे वेळापत्रक





ध्रुवीय समुद्रातल्या जीवसृष्टीवरची परिषद माडांच्या गोव्यात, वास्को नगरीत कशी, असे कुणाला वाटले तर त्याचे उत्तर इथून हाकेच्या अंतरावर आहे. ६ डिसेंबर १९८१ रोजी भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम 'पोलर सर्कल' या नॉर्वेजियन जहाजाने गोव्याहूनच निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर उतरली. मोहिमेचे नेते डॉ. सय्यद झहूर कासिम हे सागरी जीवशास्त्रज्ञ. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संचालकपद त्यांनी भूषवले होते आणि कोचीनच्या खाडीत ऊन पाण्यात किती खोलवर उतरते, त्यावर वनस्पतिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म शैवाल, कसे पोसतात, याचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला होता. आज याच वास्कोच्या हेडलँड सड्यावर राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र उभे आहे. दक्षिण ध्रुवाकडचे 'मैत्री' आणि 'भारती', उत्तर ध्रुवाकडचे स्वालबार्डमधील 'हिमाद्री' या तळांचा कारभार तिथूनच चालतो.

परिषदेचा विषय मात्र जहाजे आणि तळ यांच्याही खालचा आहे. सागरी बर्फाच्या थराखाली जो काही उजेड झिरपतो, तोच तिथल्या साऱ्या जीवनाचे भांडवल. आणि हे भांडवल फारच तुटपुंजे. उघडा समुद्र अंगावर पडलेल्या उन्हापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक ऊन शोषून घेतो. ताजे भुसभुशीत हिम मात्र ऐंशी-नव्वद टक्के ऊन आल्या वाटेने परत पाठवते. जाड बर्फ आणि त्यावर हिमाचा थर असेल, तर खाली पोहोचणारा उजेड बहुधा एक टक्क्याच्याही आत असतो. गंमत अशी की उजेड अडवण्यात बर्फापेक्षा त्यावर साचलेले हिम जास्त पटाईत. मीटरभर स्वच्छ बर्फ जे करत नाही ते वीतभर हिम करून दाखवते.

एवढ्याशा उजेडावर कोण जगते? ड्रिलने बर्फाचा दंडगोल उपसून काढला, की वरचा बहुतेक भाग पांढरा किंवा निळसर दिसतो. तळाची काही सेंटिमीटर मात्र चहाच्या रंगाची तपकिरी असतात. समुद्राचे पाणी गोठताना मीठ बर्फाच्या स्फटिकांत मावत नाही, ते खारट पाण्याच्या बारीक नळ्यांत साठत जाते. घावनाला पडावी तशी जाळी बर्फाला पडते आणि त्या जाळीत डायटम नावाचे एकपेशीय शैवाल बिऱ्हाड करतात. तपकिरी रंग त्यांच्यातल्या फ्युकोझँथिन या रंगद्रव्याचा. बर्फ आणि पाणी यांतून निळा-हिरवा उजेडच काय तो टिकून खाली येतो. नेमका तोच हे रंगद्रव्य टिपते.

किती कमी उजेडात भागते, याचा अंदाज २०१९-२०च्या आर्क्टिकमधल्या 'मोझेक' मोहिमेने दिला. 'पोलरस्टर्न' हे जर्मन जहाज बर्फात मुद्दाम अडकवून घेऊन वर्षभर वाहत राहिले. ध्रुवीय रात्र संपून सूर्य नुकता क्षितिजावर आला होता, अजून पुरता वर चढलाही नव्हता, तोच मार्चअखेरीस बर्फाखालच्या शैवालाची वाढ सुरू झाली होती. तेव्हाचा तिथला उजेड भर उन्हाच्या सुमारे पन्नास हजारांश होता.

उजेड किती, या प्रश्नाइतकाच तो केव्हा, हा प्रश्न महत्त्वाचा. स्वालबार्डच्या रिपफ्योर्डेनमध्ये संशोधकांनी कॅलानस ग्लेशियालिस या तांदळाच्या दाण्याएवढ्या कोपेपॉडचा, म्हणजे एका प्राणिप्लवकाचा, माग काढला. त्याची मादी वसंतात बर्फाखालचे शैवाल खाऊन अंडी घालते. पिल्ले स्वतः खाऊ लागतात तोवर सुमारे दोन महिने लोटतात, बर्फ वितळतो आणि पाण्यात वनस्पतिप्लवकांचा बहर येतो. आईला पहिली पंगत, पिल्लांना दुसरी. बर्फ लवकर गेला की दोन्ही पंगतींमधले अंतर मोडते आणि पिल्ले तयार होण्याआधीच बहर ओसरू शकतो. या चरबीदार कोपेपॉडवर ध्रुवीय कॉड मासे आणि लिटल ऑक पक्षी पोसतात, कॉडवर रिंग्ड सील आणि सीलवर पांढरे अस्वल.

बर्फ पातळ झाल्याने काय होते, याची दोन उदाहरणे बोलकी आहेत. जुलै २०११मध्ये अमेरिकी बर्फफोड्या 'हीली' जहाजावरचे शास्त्रज्ञ चुकची समुद्रात बर्फाच्या आत शंभर किलोमीटरहून अधिक शिरले आणि बर्फाखाली वनस्पतिप्लवकांचा प्रचंड बहर सापडला, जवळच्या उघड्या पाण्यापेक्षाही दाट. तोवर तिथे फारसे काही उगवत नसावे असे धरले जात होते. बर्फ होता साधारण मीटरभर जाडीचा. त्यावर वितळलेल्या पाण्याची डबकी साचली होती आणि प्रत्येक डबके झरोक्याचे काम करत होते. उपग्रहांना हा बहर दिसत नाही. त्यांना दिसतो तो वरचा बर्फ.

पुढच्याच वर्षी, २०१२च्या सप्टेंबरात, आर्क्टिकचा बर्फ सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटर इतका आक्रसला. मेलोसिरा आर्क्टिका हे शैवाल बर्फाच्या बुडाला लांबच लांब झुपक्यांनी लोंबत वाढते. पातळ बर्फातून उजेड भरपूर मिळाल्याने ते फोफावले आणि बर्फ वितळताच सुटून खाली गेले. 'पोलरस्टर्न'वरच्या कॅमेऱ्यांना चार किलोमीटरच्या आसपास खोल तळावर त्याचे ढीग दिसले, आणि ते खायला जमलेल्या समुद्रकाकड्याही.

दक्षिणेकडे सगळेच निराळे. तिथे हिम इतके पडते की त्याच्या वजनाने बर्फ खचतो, समुद्राचे पाणी वर चढते आणि शैवाल बर्फाच्या वरच्या थरातही रुजते. हिवाळ्यात क्रिल या कोळंबीसारख्या प्राण्याची अळी बर्फाच्या बुडाशी शैवाल खरवडून तग धरते. अंटार्क्टिकातील केसी संशोधन तळाजवळच्या उथळ समुद्रतळावर मात्र स्पंज आणि इतर अपृष्ठवंशी प्राण्यांचे राज्य टिकते ते अंधारामुळे. बर्फ नेहमीपेक्षा आधी, ऐन उन्हाळी सूर्याच्या दिवसांत फुटला, तर तळाला मिळणारा वार्षिक उजेड अनेक पटींनी वाढतो आणि मोठे समुद्रशैवाल ती जागा बळकावू शकते.

आणि सूर्य नसतानाचे काय? 'हिमाद्री'शेजारच्या काँग्सफ्योर्डेनमध्ये ध्रुवीय रात्रीही प्राणिप्लवक जागे असतात. आर्क्टिकच्या पौर्णिमेला ते चांदण्यापासून खोल पाण्यात सरकतात. याच फ्योर्डमध्ये २०१४पासून भारताची 'इंडआर्क' ही पाण्याखालची वेधयंत्रणा काम करते आहे. जहाजाच्या दिव्यांनी दोनशे मीटर खोलवरचे जीवही बिथरतात, असे दिसून आल्याने अंधारात मोजमाप कसे करावे, हाच आता एक स्वतंत्र प्रश्न झाला आहे.

या प्रश्नावर आणि अशा अनेकांवर इथे चर्चा व्हावी, शाळा-महाविद्यालयांच्या शिक्षकांनी ती मराठीतून पुढे न्यावी, अशी स्वागत समितीची अपेक्षा आहे.