नोकरी सांभाळून कारभाराचे शिक्षण



दूध सोसायटीचा एखादा चिटणीस वीस वर्षे काम करतो. दूध किती आले, फॅट किती लागली, सारे त्याला तोंडपाठ. पण दूध थंड करायच्या टाकीसाठी कर्ज काढावे की नाही, असे विचारले म्हणजे तो अडतो. राबणे निराळे आणि चौघांना बरोबर घेऊन पुढचा निर्णय करणे निराळे. हे दुसरे शिकता येते, आणि त्यासाठी नोकरी सोडावी लागत नाही.

अमेरिकेत शिकागो विद्यापीठाने १९४३ साली, ऐन महायुद्धात, कामावर असलेल्या व्यवस्थापकांसाठी एम. बी. ए.चा अभ्यासक्रम काढला. आपल्याकडे दिल्लीला १९८५ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ निघाले. रोज वर्गात न बसता तेथून पदवीधराला एम. बी. ए. करता येते.

यात शिकायचे काय? ताळेबंद वाचणे, भांडवलाचा हिशेब मांडणे, माल कोठे खपेल ते पाहणे, माणसांचे ऐकून घेणे. काम करणाऱ्याचा फायदा असा, की रात्री धडा वाचला की सकाळी तो आपल्याच खातेवहीवर पडताळता येतो. कर्जाचा हप्ता वाढाव्यातून फिटेल का, हे मग आकडेच सांगतात.

मात्र जपून बरे का! फी भरण्यापूर्वी अभ्यासक्रमाला विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता आहे ना, ते पाहा. नुसत्या जाहिरातीवर भुलू नका.

आणि गुरुजी, गावात असा पदवीधर चिटणीस असेल, तर त्याला वाट दाखवा. सोसायटी बुडाली, तर नुकसान एकट्याचे नसते. साऱ्या गावाचे असते.