खुल्या ज्ञानाने दिलेली वाचा
(संस्थेच्या वार्षिक समारंभातील भाषण)



ज्याला बोलता येत नाही त्याला समजतही नाही, असा गैरसमज आपल्या घराघरांत आहे. तो साऱ्या जगापुढे खोटा ठरवणाऱ्या प्रा. स्टीफन हॉकिंग यांच्या बोलण्याच्या यंत्राची हकिकत मी आज आपल्यापुढे ठेवणार आहे. त्यांचे विज्ञान थोर आहेच. पण त्यांना बोलते करणाऱ्या साधनांची कहाणीही आपण ऐकावी अशी आहे.

1963 साली, वयाच्या 21व्या वर्षी, हॉकिंग यांना स्नायू दुबळे करत नेणारा मोटर न्यूरॉनचा आजार असल्याचे निदान झाले. 1985 साली जिनिव्हा येथे न्यूमोनियाने गाठले. प्राण वाचवण्यासाठी श्वासनलिकेला छेद द्यावा लागला आणि उरलीसुरली वाचाही गेली. मग कोणीतरी अक्षरांच्या तक्त्यावर बोट फिरवावे आणि हव्या त्या अक्षरावर त्यांनी भुवई उचलावी, असा संवाद सुरू झाला. पालकहो, आज रात्री घरी हा प्रयोग करून पाहा. 'मला पाणी हवे' एवढे सांगायला किती वेळ लागतो, ते आपणांस कळेल.

कॅलिफोर्नियातील वॉल्ट वोल्टोझ यांनी 'इक्वलायझर' नावाची संगणकाची आज्ञावली तयार केली होती. त्यांच्या सासूबाईंना असाच आजार होता. ती आज्ञावली त्यांनी हॉकिंग यांना दिली. पडद्यावर अक्षरे व शब्द पाळीपाळीने उजळत जातात. हवा तो शब्द उजळला की बटण दाबायचे. हातातील एका बटणावर हॉकिंग मिनिटाला सुमारे 15 शब्द बोलू लागले.

पण पुढे हातही गेला. मग चष्म्याला लावलेले यंत्र गालाच्या स्नायूची हालचाल ओळखू लागले. तो स्नायूही थकत गेला आणि 2011च्या सुमारास वेग मिनिटाला एका शब्दावर आला. त्यांना संगणक पुरवणाऱ्या इंटेल कंपनीने लामा नचमन यांच्या नेतृत्वाखाली सारी व्यवस्था नव्याने बांधायला घेतली. येथे तज्ज्ञांनाही एक धडा मिळाला. फार वेगळी, नवलाईची रचना हॉकिंग यांना रुचेना. वर्षानुवर्षांची सवय होती. तेव्हा बाहेरचे रूप ओळखीचे ठेवून आतले काम बदलण्यात आले. पुढचा शब्द ओळखणारी आज्ञावली त्यांच्याच लेखनावर घडवली. परिणामी एकूण अक्षरांपैकी 20 टक्क्यांहून कमी अक्षरे त्यांना स्वतः टिपावी लागत, असे इंटेलने डिसेंबर 2014 मध्ये जाहीर केले.

आणि मित्रहो, खरी मोठी गोष्ट यापुढची आहे. 'अॅकॅट' नावाची ही आज्ञावली इंटेलने ऑगस्ट 2015 मध्ये सर्वांसाठी खुली केली. हलवायाकडे मिठाई विकत मिळते, कृती मिळत नाही. येथे कृतीच वाटली गेली. कोणीही ती घ्यावी, तपासावी, आपल्या गरजेप्रमाणे बदलावी आणि सुधारणा पुन्हा सर्वांना द्यावी. यालाच मुक्तस्रोत किंवा ओपन सोर्स म्हणतात.

कृती हाती नसली तर काय होते, हेही याच माणसाच्या बाबतीत दिसले. त्यांचा तो जगप्रसिद्ध यांत्रिक आवाज 1980च्या दशकातील एका कार्डातून निघत असे. तो त्यांना आपलाच वाटे. दुसरा नको असे. कार्डे जुनी झाली, नवी मिळेनात, आणि नेमक्या त्या आवाजाची मूळ आज्ञावली सापडेना. अभियंत्यांनी अनेक वर्षे खपून जुन्या चिपांची हुबेहूब नक्कल करणारी आज्ञावली लिहिली. 2018च्या जानेवारीत तो आवाज छोट्या संगणकावर त्यांच्या हाती आला. 14 मार्च 2018 रोजी ते निवर्तले. जगप्रसिद्ध शास्त्रज्ञासाठी जिवाचे रान करणारे लोक भेटले. गरिबाच्या मुलासाठी कोण भेटणार? म्हणूनच ज्या साधनावर माणसाचा शब्द अवलंबून आहे, त्याची कृती कुलपात असू नये.

यात आपला संबंध काय, असे आपण विचाराल. साधन खुले झाले म्हणजे ते आपोआप मराठी बोलू लागत नाही. इंग्रजी अक्षरे 26. आपल्याकडे काना-मात्रा आणि जोडाक्षरे. 'घर' हा एक शब्द, पण 'घरी', 'घरात', 'घरून', 'घराला' ही सारी रूपे यंत्राला ओळखता आली पाहिजेत. हे काम मराठी जाणणाऱ्यानेच करायचे आहे. आरंभ झालेला आहे. 'ईस्पीक एनजी' या मुक्तस्रोत आज्ञावलीत मराठी उच्चार आहेत. मुंबईच्या आय.आय.टी.त चित्रांवर बोट ठेवून बोलण्याचे 'जेलो' हे विनामूल्य साधन तयार झाले आहे.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी अनेक जण संगणक शिकत आहात. नोकरीसाठी शिका, जरूर शिका. पण खुल्या आज्ञावलीतील एखादा चुकीचा उच्चार दुरुस्त करणे, रोजच्या बोलण्यातील शब्दांची यादी करून देणे, एवढे तुम्हांला आजही जमेल. त्याला पदवी लागत नाही. चिकाटी आणि शुद्ध मराठी लागते.

आणि पालकहो, घरात किंवा शेजारी न बोलणारे मूल असेल तर त्याला पाहुण्यांपासून लपवू नका. डॉक्टरांना आणि वाचा-उपचारतज्ज्ञांना दाखवा. तोवर एक साधा अक्षरतक्ता किंवा चित्रतक्ता त्याच्यापुढे धरा आणि थांबा. मिनिटाला एक शब्द आला तरी थांबा. तो शब्द त्याचा स्वतःचा असतो.