अंगणवाडीतील बालकाचे मन



एकात्मिक बालविकास सेवा योजनेचा प्रारंभ २ ऑक्टोबर १९७५ रोजी झाला. तेव्हापासून बालकाचे वजन, आहार व लसीकरण यांची नोंद गावोगावी होऊ लागली. त्याच बालकाच्या भीतीची आणि रागाची दखल घेण्याची रीत मात्र अद्याप सर्वत्र रुळलेली नाही. यवतमाळ जिल्ह्यात तिची निकड अधिक आहे. कापसाचे पीक बुडाले, सावकाराचा माणूस दारी आला, की घरातील बोलणे एकाएकी थांबते. मोठ्यांना त्या शांततेचे कारण ठाऊक असते. चार वर्षांच्या मुलाची मात्र आपल्याच हातून काही चुकले अशी समजूत होऊ शकते.

असे मूल ‘मला भीती वाटते’ असे सांगत नाही. ते पोट दुखते म्हणते, शेजारच्या मुलाला चावते, अथवा सुटलेली अंथरूण ओले करण्याची सवय त्याला पुन्हा जडते. त्याला खोडकर ठरविणे सोपे असते. सेविकेने शेजारी बसून ‘त्याने ठोकळा ओढला, म्हणून तुला राग आला’ एवढेच म्हटले, तर मनातील खळबळीला नाव मिळते. रागावण्यास मनाई नाही, मारण्यास आहे, हा भेद मुलांना हळूहळू उमगतो. मोठ्यांना पुष्कळदा त्याहून उशिरा.

हे नाव मुलाच्या घरच्या बोलीतील हवे. वऱ्हाडी घरात ‘भेव’ कळते, पुस्तकी ‘भय’ कळत नाही. केळापूर, झरी जामणी, मारेगाव भागातील कोलाम पोडांवरील कोलामी तर द्राविडी कुळातील भाषा आहे. पुसद-दिग्रसकडील तांड्यांवर गोरमाटी बोलली जाते. राग, भेव, रुसवा यांचे पाच-सात शब्द पोडावरील एखाद्या आजीकडून मागून घेण्यास शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीस आणि पुढे कोसबाडला शाळाच मुलांच्या अंगणात नेली, ती याच जाणिवेने.

तान्हा पोळा हा या शिक्षणाचा आयता दिवस होय. कोणाचा लाकडी नंदी मोठा, कोणाचा लहान; कोणाच्या हाती नंदीच नाही. बक्षीस उंच नंदीला न देता प्रत्येक मुलाकडून आपल्या नंदीचे नाव व त्याचा आजचा आनंद किंवा रुसवा वदवून घेतला, तर ग्रामपंचायतीचा खर्च वाढत नाही. जेवण संपावे म्हणून बागुलबुवाला पाचारण करण्याची प्रथा तेवढी बंद व्हावी.

सर्वांत कठीण प्रसंग घरातील मृत्यूचा. ‘बाबा गावाला गेले’ असे मुलाला सांगितले जाते, आणि ते दररोज सायंकाळी दाराशी जाऊन बसते. सांगणाऱ्याचा हेतू मायेचाच असतो. परंतु त्याने मुलाची प्रतीक्षा वाढते, दुःख कमी होत नाही. बाबा वारले, ते परत येणार नाहीत, असे जवळच्या माणसाने मांडीवर घेऊन स्पष्ट शब्दांत सांगावे. उद्यापासून जेवू कोण घालील, रात्री जवळ कोण निजेल, हेही त्याच वेळी सांगावे. तेच प्रश्न मूल पुनःपुन्हा विचारील. उत्तर प्रत्येक वेळी तेच असावे. कित्येक आठवडे मूल बोलेनासे वा जेवेनासे झाले, तर जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागाकडे न्यावे. २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर सेविकेला किंवा शिक्षकालाही सल्ला विचारता येतो. हा क्रमांक अंगणवाडीच्या भिंतीवर, वजनाच्या तक्त्याशेजारी, ठळक अक्षरांत लिहिलेला असावा.