हरवलेल्या यंत्राचा ठाव

मध्यरात्रीचा सुमार असतो. रुग्णालयात एका अत्यवस्थ रोग्याच्या शिरेत मोजून औषध सोडण्यासाठी पंपाची निकड भासते. नोंदवहीप्रमाणे पंपांना तोटा नाही. परंतु त्या घटकेला एकही हाताशी नसतो. एक शस्त्रक्रियागृहातून परतलेला नाही, दुसरा दुरुस्तीस गेलेला आहे, तिसरा कुठल्याशा कपाटामागे स्वस्थ पडून आहे. परिचारिका रोग्यास सोडून मजल्यामागून मजले धुंडाळू लागते. यंत्र असून नसल्यासारखे होते ते असे!

या अडचणीवर बिनतारी लहरींचा उपाय निघाला आहे. त्याचे मूळ दुसऱ्या महायुद्धात सापडते. रडारला दिसणारे विमान स्वकीयांचे की शत्रूचे, हे कळावे म्हणून ब्रिटिशांनी आपल्या विमानांत उत्तर देणारी यंत्रे बसविली. पुढे १९४८ साली हॅरी स्टॉकमन यांनी परावर्तित लहरींच्या द्वारे संदेशवहनाची कल्पना मांडली.

आज उपकरणावर चिकटविला जाणारा इवलासा टॅग हा याच कुळातला. त्याचे प्रकार मुख्यतः दोन. एकात विद्युत्घट नसतो. वाचकयंत्राच्या लहरींतूनच शक्ती घेऊन तो आपला क्रमांक सांगतो. यंत्र कोणत्या दारातून गेले, एवढे त्यावरून कळते. दुसऱ्यात घट असतो; तो ठरावीक वेळाने स्वतःच साद घालतो आणि ठिकठिकाणची ग्राहकयंत्रे त्या सादेच्या तीव्रतेवरून त्याची जागा ताडतात. मात्र लहरी धातूवरून परततात, मनुष्यदेहात शोषल्या जातात. म्हणून हा अंदाज कधी शेजारच्या खोलीतही नेऊन सोडतो. भारतात अशा टॅगांसाठी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा २००५ साली परवान्याविना खुला झाला.

परंतु शोधणारी लहरच यंत्राला बाधली तर? ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी, रोगी जोडलेला नसताना, अतिदक्षता विभागातील उपकरणांजवळ अशा लहरी सोडून पाहिल्या. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत १२३ चाचण्यांपैकी ३४ वेळा बाधा आढळली आणि त्यांतील २२ घटना धोकादायक ठरल्या. तेव्हा वाचकयंत्र कोठे बसवावे, त्याची शक्ती किती असावी, हे आधी पारखून घेणे अगत्याचे आहे.

शिवाय लहर यंत्राचा ठाव सांगेल. ते पुसून, तपासून जागेवर ठेवणार नाही. ते काम माणसाचेच. परिचारिकेची वाचलेली पायपीट रोग्याच्या उशाशी खर्ची पडली, तरच हा खटाटोप सार्थकी लागला म्हणावयाचा.