जिभेची साक्ष



दस्तरखानावर एक मूल म्हणते, ‘भाजी कडू आहे.’ दुसरे म्हणते, ‘मुळीच नाही.’ आपण वडीलधारी माणसे पहिल्याला हट्टी ठरवून मोकळी होतो. या तंट्यात विज्ञानाने काय निवाडा दिला आहे, ते आज मला आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

१९३१ साली अमेरिकेतील ड्यू पॉन्ट कंपनीच्या प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स नावाचे रसायनशास्त्रज्ञ फिनाइलथायोकार्बामाइड, थोडक्यात पी.टी.सी., ही पूड बाटलीत भरीत होते. थोडी पूड हवेत उडाली. ‘तोंड कडू झाले!’ अशी तक्रार त्यांचे सहकारी नोलर यांनी केली. फॉक्स तर पुडीच्या अधिक जवळ होते. पण त्यांना काहीच चव लागली नाही. दोघांत वाद झाला. मात्र कोण खोटे बोलतो हे शोधण्याऐवजी त्यांनी ती पूड इतरांना चाखावयास दिली. काहींना ती अतिशय कडू लागली, काहींना बेचव. म्हणजे दोघेही खरेच बोलत होते!

पुढे अनेक कुटुंबांची तपासणी झाली आणि हा भेद आनुवंशिक असल्याचे आढळले. २००३ साली डेनिस ड्रेना व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे मुख्य जनुक शोधून काढले. ते सातव्या गुणसूत्रावर आहे. या जनुकाच्या सूचनेप्रमाणे जिभेवर कडू चव ओळखणारे एक प्रथिन तयार होते. त्याला कुलूप समजा आणि पी.टी.सी.ला किल्ली. या प्रथिनाच्या साखळीत ३३३ दुवे असतात. त्यांतील अवघे तीन दुवे बदलले की किल्ली लागत नाही. माणसाजवळ अशी सुमारे पंचवीस निरनिराळी कुलुपे आहेत. म्हणूनच ज्याला पी.टी.सी. बेचव लागते, त्यालाही क्विनीन कडूच लागते. कोबी, मोहरी यांच्या कुळातील भाज्यांत पी.टी.सी.शी साम्य असलेली द्रव्ये असतात. तेव्हा एखाद्या मुलाला कोबी खरोखरच अधिक कडू लागत असेल, हे ध्यानात घ्या.

आता दोन गोष्टी आग्रहाने सांगतो.

पहिली गोष्ट विद्यार्थ्यांसाठी. पी.टी.सी.च्या कागदी पट्ट्या शाळा-कॉलेजांत चाखावयास देतात. आई-वडील दोघांनाही पट्टी बेचव लागली आणि तुम्हाला कडू लागली, तर घाबरून जाऊ नका. हे एक जनुक बराचसा फरक घडवते, सगळा नव्हे. असे अपवाद आढळतात. पूर्वी या चाचणीचा उपयोग पितृत्वाच्या वादातही सुचविला गेला होता. आज ती त्यासाठी भरवशाची मानीत नाहीत. कागदाची पट्टी नात्याची साक्षीदार होऊ शकत नाही.

दुसरी गोष्ट आपणा सर्वांसाठी. एके काळी या चाचणीने मानवसमूहांची वर्गवारी करण्याची हौस फार होती. बेचव लागणाऱ्यांचे प्रमाण समूहासमूहांत कमी-अधिक असते, हे खरे. युरोपीय वंशाच्या लोकांत ते सुमारे ३० टक्के आढळते. पण जनुकाची दोन्ही मुख्य रूपे आफ्रिका, आशिया, युरोप अशा सर्वत्र सापडतात. एकाच आईच्या पोटी जन्मलेल्या दोन भावांत जो भेद असू शकतो, त्याच्या आधारे जातीजमातींमध्ये भिंत कशी उभारणार?

पालकहो, मूल ‘कडू आहे’ म्हणाले तर त्याला खोटे पाडू नका. भाजी निराळ्या पद्धतीने करून पाहा आणि पुन्हा वाढा. मुलांनो, तुम्हीही लक्षात ठेवा: समोरच्याचा अनुभव आपल्याहून निराळा निघाला, तर फॉक्स आणि नोलर यांच्याप्रमाणे आणखी चार जणांना विचारा, तपासा. इल्मची वाट तेथूनच सुरू होते.